कोंडा गाईला, लोह पाकिटातून?

प्रश्न थोडक्यात: नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घरात चार माणसं. यजमान 46 वर्षांचे, नुकत्याच केलेल्या तपासणीत एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 6.1 निघालं. मुलगी 15 वर्षांची, हिमोग्लोबिन 9.8. सासूबाई सत्तरीच्या, कवळी लावतात, पोट साफ होत नाही. मुलगी पोळी टाळते. ब्रेड, पास्ता, नूडल्स मागते. अमेरिकेतला एक लेख वाचून ती म्हणते, "आई, पाकिटावर आयर्न आणि बी-ट्वेल्व्ह लिहिलंय. तुझ्या पोळीवर कुठे काय लिहिलंय?" यजमानांनी दुप्पट किमतीची मल्टिग्रेन कणीक आणून ठेवली आहे. सासूबाई रेशनच्या तांदळातले 'प्लास्टिकचे' दाणे निवडून फेकतात. ताई स्वतः चक्कीवरून गहू दळून आणतात, पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून मैद्याच्या चाळणीने चाळतात आणि कोंडा दारच्या गाईला घालतात. त्या विचारतात: मैदा आणि पांढरा भात घरातून पूर्ण बंद करू का? की फोर्टिफाइड, म्हणजे वरून लोह-जीवनसत्त्वं घातलेलं, घेतलं तर पुरेसं आहे? आणि चौघांसाठी चार स्वयंपाक करणं मला जमणार नाही.

उत्तर:

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ती मल्टिग्रेनच्या पाकिटात नाही, तुमच्या चाळणीत आहे.

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग. वरचा कोंडा साधारण 14 टक्के, टोकाचा अंकुर जेमतेम अडीच-तीन टक्के, आणि उरलेला सगळा आतला पिठूळ गाभा. मैदा म्हणजे फक्त हा गाभा. सोजी आणि रवाही गाभ्याचेच, फक्त जाड. त्यामुळे मैद्याऐवजी रव्याचा उपमा केला म्हणून अख्खं धान्य पोटात गेलं असं होत नाही. चक्कीवर मात्र दाणा अख्खा जातो आणि अख्खाच पीठ होऊन बाहेर येतो. म्हणजे तुमच्या घरात 'होल ग्रेन' आधीपासून आहे. त्यातलं किती ताटापर्यंत पोचतं, हे चाळणी ठरवते.

हिशेब करून बघा. किलोभर कणकेत साधारण 110 ग्रॅम तंतू (फायबर) असतात. मैद्याच्या चाळणीने ओंजळभर कोंडा निघतो, तो 100 ग्रॅम धरू. कोंड्यात सुमारे 40 टक्के तंतूच असतात. म्हणजे त्या एका ओंजळीत तुमच्या कणकेतले एक तृतीयांशाहून जास्त तंतू गेले, मॅग्नेशियम जवळपास निम्मं गेलं आणि लोह चौथ्या हिश्श्याएवढं. गाय सुखात आहे. आणि तेच तंतू यजमान दुप्पट पैसे मोजून पाकिटातून परत आणतात.

आता मुलीचा मुद्दा. तिला उडवून लावू नका, कारण लोहाच्या बाबतीत ती कागदावर बरोबर आहे. 100 ग्रॅम कणकेत लोह साधारण 4 मिलिग्रॅम, साध्या मैद्यात 2 पेक्षाही कमी. पण एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या 2018 च्या नियमांप्रमाणे मैदा किंवा कणीक फोर्टिफाय केली, तर किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह घालावं लागतं. (सोडियम-आयर्न-ईडीटीए या प्रकारचं लोह वापरलं तर त्याच्या निम्मं, कारण ते जास्त शोषलं जातं.) म्हणजे 100 ग्रॅम फोर्टिफाइड मैद्यात एकूण साडेचार ते सहा मिलिग्रॅम लोह होतं, तुमच्या कणकेपेक्षा जास्तच. शिवाय कोंड्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते लोहाला धरून ठेवतं; त्यामुळे कणकेतलं सगळं लोह अंगी लागत नाही. हेही मुलीच्या बाजूनेच जातं.

तिचं चुकतं ते पुढे. फोर्टिफाय करताना लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 या तीन गोष्टी घालाव्याच लागतात. काही जीवनसत्त्वं आणि जस्त घालायचं की नाही, ते कंपनीच्या मर्जीवर. तंतू, मॅग्नेशियम आणि अंकुरातलं ई जीवनसत्त्व यांतलं काहीच परत येत नाही. 100 ग्रॅम कणकेत मॅग्नेशियम सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास, मैद्यात तीसच्या आसपास. तंतू कणकेत 11 ग्रॅम, मैद्यात तीनच्या आत. पाकिटावर काय काय घातलं ते छापतात. काय काढलं ते कुठेच छापत नाहीत.

आणि तो अमेरिकी लेख. तिकडे मैद्यात जीवनसत्त्वं आणि लोह घालायला 1940 च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुरुवात झाली, 1998 पासून फॉलिक ॲसिड सक्तीचं झालं, तेही 100 ग्रॅमला 140 मायक्रोग्रॅम. तिथल्या लेखकाने अशा 'एनरिच्ड' पिठाची बाजू घेतली तर तिथे ती बऱ्यापैकी खरी आहे. आपल्याकडे बाजारातल्या कणीक-मैद्याचं फोर्टिफिकेशन ऐच्छिक आहे आणि फॉलिक ॲसिड 100 ग्रॅमला साडेसात ते साडेबारा मायक्रोग्रॅम एवढंच. म्हणजे दहापट कमी. बी-12 तर 100 ग्रॅमला 0.1 मायक्रोग्रॅमच्या आसपास. रोजची गरज दोनच्या वर. शब्द एकच, पण पाकिटात बरंच वेगळं काही असतं. त्यातही कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव फोर्टिफाइड मैद्याचा असेल असं धरून चालू नका. '+एफ' हे चिन्ह पाकिटावर असेल तरच तो फोर्टिफाइड.

नूडल्सच्या पाकिटाबद्दल एवढंच: आयर्नची ओळ वाचून झाली की तिला सोडियमची ओळही वाचायला सांगा. मिलिग्रॅममधल्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ हवं. एका पाकिटात किती बसतं ते तिचं तिलाच काढू द्या.

पण ताई, 9.8 हा आकडा कणीक की मैदा या वादात अडकवू नका. या वयाच्या मुलीला रोज सुमारे 30 मिलिग्रॅम लोह लागतं. 100 ग्रॅम फोर्टिफाइड मैद्यातून ज्यादा मिळतं ते तीन-चार मिलिग्रॅम. असं 9.8 चं 12 होत नाही. औषध लागतं आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. त्याआधी तीन तपासण्या मागा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची चाचणी. तिसरी मुद्दाम सांगतो आहे. विदर्भात सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे आणि केवळ वाहक असलेल्या माणसाला ते माहीतही नसतं. रक्त कमी आहे म्हणून कारण न शोधता महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देणं बरोबर नाही. फेरिटिन कमी आलं तर लोहाची कमतरता नक्की. मग गोळी, जंताचं औषध, आणि पाळीत रक्तस्राव फार होतो का याची चौकशी. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळत असेल तर तीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. ती दप्तरात पडून राहते का, तेही बघा.

जेवणातून करण्यासारखं काम गोळीइतकं मोठं नसलं तरी स्वस्त आहे. लोहाच्या पदार्थासोबत लिंबू. तर्री पोह्यांवर आपण लिंबू पिळतो ते उत्तमच. पोह्यांत 100 ग्रॅमला चार-साडेचार मिलिग्रॅम लोह असतं, तांदळापेक्षा कितीतरी जास्त, कारण ते लोखंडी रोलरमधून चेपून निघतात. (तंतू मात्र साडेतीन ग्रॅमच. पोहे अख्खं धान्य नव्हे. हे नागपुरात मोठ्याने बोलू नये, तरी.) तर्रीतला हरभरा ती उणीव थोडी भरून काढतो. सगळं बिघडवतो तो सोबतचा चहा. चहातलं टॅनिन लोह अडवतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. मुलीपुरता हा एक नियम पाळला तरी चाळणीइतकाच फरक पडेल.

यजमानांचं गणित वेगळं आहे. 6.1 म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. त्यांना तंतू हवेत, मॅग्नेशियम हवं, आणि त्याहून आधी ताटातलं धान्य कमी व्हायला हवं. इथे तुमचा एक समज तपासून बघा: अख्ख्या धान्याचं म्हणजे हवं तेवढं. तसं नाही. 100 ग्रॅम कणकेत सुमारे 320 कॅलरी, मैद्यात 350. फरक आहे, पण पाच पोळ्या खाण्याची मुभा देण्याइतका नाही. आणि पीठ फार बारीक दळलं की अख्ख्या गव्हाचीही साखर रक्तात झपाट्याने चढते, कोंडा त्यात असला तरी. म्हणून दाणा जितका जाड राहील तितकं चांगलं: दलिया कणकेपेक्षा बरा, जाडसर कणीक बारीक कणकेपेक्षा बरी. आयसीएमआर-एनआयएन म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारसूचनांत 2000 कॅलरीच्या ताटात धान्य 250 ग्रॅम धरलं आहे, कच्चं, दिवसभराचं. तीन पोळ्यांची कणीक साधारण 90 ग्रॅम, वाटीभर भाताचे तांदूळ 40-50 ग्रॅम. दोन्ही जेवणांत हे एवढंच घेतलं की 250 ग्रॅम पुरे झाले, आणि सकाळचे पोहे अजून मोजलेच नाहीत. एका जेवणात पोळी किंवा भात, दोन्ही नाही. मोकळी झालेली जागा वरण, चून, उसळ, भाजी यांना. महागड्या कणकेपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

त्या मल्टिग्रेनच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिला गहू 90 टक्के आणि पुढे सहा धान्यं मिळून दहा, असं बऱ्याचदा दिसतं. ते वाईट नाही, पण तेच तुम्ही चक्कीवर करू शकता: 4 किलो गहू, अर्धा किलो ज्वारी, अर्धा किलो हरभरा. ज्वारी याहून जास्त घातली की पोळी फाटते, कारण तिच्यात गव्हाचा चिकटपणा नसतो. सोयाबीन घालायचं असेल तर खरपूस भाजून आणि पाच किलोला पाव किलोच्या आत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं, ते उष्णतेने मरतं.

ब्राउन ब्रेडचंही तसंच. घटकांत पहिलं नाव 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैदाच. आणि पुढे आयएनएस 150 दिसलं की तपकिरी रंग कॅरामलचा. तंतू 100 ग्रॅमला 6 ग्रॅम किंवा जास्त असतील तर घ्या. मुलीचा पास्ता पूर्ण बंद केलात तर ती बाहेर खाईल. आठवड्यातून एकदा, '+एफ'वाला किंवा अख्ख्या गव्हाचा, पाव किलो भाज्या आणि मूठभर राजमा घालून करा. वाद संपेल.

आता भात. एचएमटी घ्या, जय श्रीराम घ्या की भंडाऱ्याचा चिन्नोर. वाणाने चव बदलते, पोषण ठरतं पॉलिशने. पॉलिश केलेल्या तांदळात 100 ग्रॅमला लोह अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास आणि मॅग्नेशियम विसाच्या आसपास. ब्राउन राइसमध्ये मॅग्नेशियम नव्वदीच्या पुढे. तरी सगळ्या घराला ब्राउन राइसवर आणा असं सांगणार नाही. तो महाग, त्याला दीड-दोन तास भिजवणं आणि अडीचपट पाणी लागतं, कोंड्यातल्या तेलामुळे उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्यात खवट होतो, आणि तांदळातलं आर्सेनिक कोंड्यातच जास्त असतं, म्हणून तोच एक तांदूळ रोज तिन्ही त्रिकाळ खाणंही शहाणपणाचं नाही. मधला मार्ग उकडा तांदूळ, गोंदियाकडे ज्याला उसना म्हणतात. साळ उकडताना कोंड्यातली काही बी जीवनसत्त्वं आत गाभ्यात शिरतात, मग पॉलिशमध्ये सगळी जात नाहीत. तंतूंसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका.

सासूबाईंच्या 'प्लास्टिक'च्या दाण्यांबद्दल. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि 100 दाण्यांत 1 या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. पीठ दाबून केलेले म्हणून ते जरा वेगळ्या रंगाचे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात. किलोभर तांदळात असे फक्त दहा ग्रॅम दाणे, आणि घातलेलं 28 ते 42 मिलिग्रॅम लोह सगळं त्या दहा ग्रॅममध्ये. ते निवडून टाकले की उरला साधा पॉलिशचा तांदूळ. त्यांची खात्री पटवायची तर पाच-सहा दाणे वेगळे शिजवून बोटांनी चिरडून दाखवा. तांदूळ एक-दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुवा आणि बेताच्या पाण्यात शिजवा. पेज ओतून टाकली की जीवनसत्त्वं तिच्यासोबत जातात. बोरिक पावडर लावलेला साठवणीचा तांदूळ मात्र चार-पाच पाण्यांनी धुवायलाच हवा. मुळात ती लावूच नये.

सिकलसेलच्या रुग्णांनी लोह घातलेलं धान्य खाऊ नये अशी सूचना पूर्वी पाकिटांवर छापावी लागत असे. सरकारच्या अभ्यासगटाने पुरावे तपासून असा तांदूळ सुरक्षित असल्याचं म्हटलं आणि 2024 मध्ये ती अट काढण्यात आली. तरीही घरात कुणाला वारंवार रक्त चढवावं लागत असेल, तर त्या व्यक्तीसाठी आधी डॉक्टरांना विचारा. रक्तातून शरीरात आधीच बरंच लोह साठलेलं असतं.

सासूबाईंना तंतू हवेत, पण ब्राउन राइस आणि कडक भाकर कवळीला झेपणार नाही. त्यांना ज्वारीच्या कण्या द्या: वाटीभर कण्या रात्री भिजवून सकाळी चार वाट्या पाण्यात पाच-सहा शिट्ट्या, मग ताक आणि मीठ. किंवा आंबील: दोन चमचे ज्वारीचं पीठ अर्ध्या वाटी ताकात कालवून ठेवायचं, हिवाळ्यात रात्रभर, मे महिन्यात सहा तास पुरतात, मग दोन वाट्या पाण्यात सात-आठ मिनिटं ढवळत शिजवायचं. आंबवल्याने फायटेट कमी होतं, म्हणून मुलीलाही एक वाटी द्या. दलिया करायचा असेल तर तुपावर भाजून तिप्पट पाण्यात तीन शिट्ट्या; यजमानांचा नाश्ता आणि सासूबाईंचं रात्रीचं जेवण त्यातच होतं. म्हणजे चार स्वयंपाक नाहीत. एक भांडं, एकाला त्यात भाज्या, दुसऱ्याला ताक. एक सावधगिरी: तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं, गॅस होतो, आणि पाणी कमी असेल तर बद्धकोष्ठ उलट वाढतं. तीन-चार आठवडे लावा आणि पाण्याचे दोन पेले वाढवा.

राहिल्या मऊ पोळ्या. कोंडा ठेवल्यावर पोळी कडक होते त्याचं कारण कोंडा पाणी सावकाश पितो, आणि कोरडे राहिलेले त्याचे कण कणकेतला चिकटपणा कापतात. म्हणून पाणी थोडं जास्त घ्या, किलोला साधारण 700 मिलिलिटर, कोमट. सैलसर भिजवा आणि ओल्या फडक्याखाली 30 ते 40 मिनिटं ठेवा. लगेच लाटायला घेतलं तर फाटणारच. चाळणी पूर्ण सोडायची नाही, खडे आणि काड्या काढायला रव्याची जाड चाळणी वापरा. पहिले दोन आठवडे मैद्याच्या चाळणीतून निघालेला निम्मा कोंडा परत मिसळा, मग पूर्ण. एकदम बदललंत तर मुलगी पहिल्याच दिवशी ताट सरकवेल.

आणि नागपूरच्या उन्हाचा विचार करा. अंकुरात तेल असतं. दाणा फुटला की ते हवेला लागतं आणि कणीक खवट व्हायला लागते. मैदा महिनोन्‌महिने टिकतो तो अंकुर काढलेला असल्यामुळेच. एप्रिल ते जून आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा, हिवाळ्यात तीन आठवड्यांचं चालेल. कडवट वास आला की पोळी करून बघू नका, टाकून द्या. चक्कीवर "जरा जाडसर काढा" असं सांगा. पीठ गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते, गुठळ्या होतात, किडे पडतात. घरी आल्यावर स्वच्छ पातळावर तासभर पसरा, पूर्ण गार झालं की भरा, आणि जुन्या कणकेवर नवी कधीच ओतू नका. डबा रिकामा करून, पुसून, उन्हात वाळवून मगच.